सिंडिकेटच्या घोड्यासाठी ट्रेनर कसा निवडावा

शर्यतीच्या घोड्यात दहा-वीस जणांनी मिळून भागीदारी, म्हणजेच सिंडिकेट, करायची ठरवली की घोडा कोणता घ्यावा यावर महिनोन् महिने खल होतो, आणि तो कोणाच्या तबेल्यात पाठवायचा हे मात्र पुष्कळदा एखाद्या सभासदाच्या ओळखीवर ठरून जाते. घोड्याची किंमत एकदाच मोजावी लागते. ट्रेनरचे बिल दर महिन्याला येते, आणि घोड्याचा रातीब, व्यायाम, औषधोपचार, तो कोणत्या शर्यतीत केव्हा उतरणार, हे सारे त्याच्या हाती जाते. दहा घोड्यांच्या शर्यतीत नऊ हरतात, त्यामुळे अगदी नावाजलेल्या ट्रेनरकडूनही सिंडिकेटला बहुतेक वेळा पराभवाचीच बातमी मिळणार, हे आधीच धरून चालावे. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांमागे मी एकच कसोटी ठेवली आहे: घोड्यात काही उणे आहे असे दिसताच ते मालकांना लवकर आणि स्पष्ट सांगणारा हा माणूस आहे का?

आधी सिंडिकेटने आपले ठरवावे

ट्रेनरकडे जाण्यापूर्वी सभासदांनी बसून तीन गोष्टी कागदावर आणाव्यात. पहिली म्हणजे हेतू. काहींना वर्षातून आठ-दहा वेळा आपला घोडा धावताना पाहायचा असतो, काहींना घोडा घडवून नफ्याने विकायचा असतो, तर काहींची नजर एखाद्या मोठ्या शर्यतीवरच असते. हे तिन्ही हेतू एकाच ट्रेनरकडून एकाच वेळी पुरे होत नाहीत. मोठ्या शर्यतीसाठी घोडा राखून ठेवणारा ट्रेनर पहिल्या गटाला निष्क्रिय वाटतो आणि घोडा वारंवार उतरवणारा तिसऱ्या गटाला उतावळा.

दुसरी गोष्ट म्हणजे ट्रेनरशी बोलणार कोण. इंग्लंडमधील एप्सम डर्बी ही शर्यत २००५ मध्ये जिंकणारा मोटिव्हेटर हा दोनशेहून अधिक सभासदांच्या क्लबच्या मालकीचा होता आणि मायकेल बेल त्याचे ट्रेनर होते. इतक्या माणसांनी एकेक फोन केला असता तर घोड्याकडे पाहायला कोणाला सवड मिळाली नसती. सभासद वीस असोत वा दोनशे, ट्रेनरशी बोलणारा व्यवस्थापक एकच असावा आणि त्याच्या अनुपस्थितीत कोण, हेही ठरलेले असावे.

तिसरी गोष्ट अधिकारांची, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. नाल बदलणे, किरकोळ दुखापतीवर उपचार, रोजच्या व्यायामाचे वेळापत्रक हे ट्रेनरने कोणालाही न विचारता करावे. घोडा खच्ची करणे, विकणे, मोठ्या प्रवेश शुल्काच्या शर्यतीत नाव घालणे यासाठी व्यवस्थापकाची किंवा सभासदांच्या मतदानाची गरज असावी. पण मध्यरात्री पोटशूळ उठला आणि शस्त्रक्रियेचा निर्णय काही तासांत घ्यावा लागला, तर मतदान घेत बसता येत नाही. अशा वेळी ट्रेनरने किती खर्चापर्यंत स्वतः होकार द्यायचा, विम्याची अट काय आहे, आणि कोणाचा फोन रात्रभर चालू असेल, हे लिहून ठेवलेले असावे. याखेरीज घोडा एकदाही धावला नाही तरी चालेल इतका, किमान सहा महिन्यांचा खर्च शिल्लक असावा. पैशाची ओढाताण असलेले सिंडिकेट ट्रेनरवर घोडा लवकर उतरवण्याचा दबाव आणते, आणि मग दोष ट्रेनरच्या माथी मारला जातो.

घोडा आधी की ट्रेनर आधी

दोन्ही मार्गांनी यश मिळू शकते. ट्रेनर आधी धरल्याची ही दोन उदाहरणे. ऑस्ट्रेलियाची ब्लॅक कॅविअर ही घोडी पीटर मूडी यांनी २००८ मध्ये वर्षाचे शिंगरू असताना लिलावात निवडली, मित्रांच्या गटाने ती घेतली, आणि ती २५ पैकी २५ शर्यती जिंकून निवृत्त झाली. अमेरिकेत शाळकरी मित्रांच्या सॅकाटोगा स्टेबलने बार्कले टॅग यांच्यावर विसंबून ७५ हजार डॉलरला फनी साइड हा खच्ची घोडा घेतला. त्याने २००३ मध्ये केंटकी डर्बी आणि प्रीकनेस या दोन्ही शर्यती जिंकल्या. त्याच सिंडिकेटच्या आणि त्याच ट्रेनरच्या टिझ द लॉ या घोड्याने २०२० मध्ये बेलमाँट स्टेक्स जिंकली. मधली सतरा वर्षे दोघे एकमेकांना धरून राहिले, हे मला त्या विजयांपेक्षाही बोलके वाटते.

ट्रेनरच घोडा निवडणार असेल, तर त्याची स्वतःची नजर आणि प्रतिष्ठा त्या घोड्यात गुंतते, हा फायदा आहे. धोका असा की त्याने लिलावात आधीच घेतलेले आणि ग्राहक न मिळालेले शिंगरूही अशाच वेळी पुढे केले जाते. म्हणून चार प्रश्न सरळ विचारावेत: घोडा आज कोणाच्या नावावर आहे, लिलावात किती किमतीला मिळाला, ट्रेनरला किंवा मध्यस्थाला त्यात किती कमिशन मिळते, आणि पशुवैद्यकाची तपासणी कोणी व कोणाच्या पैशाने करून घेतली.

घोडा आधीच हाती असेल, तर त्याच्या प्रकृतीला साजेसा ट्रेनर शोधावा. पाच-सहा फर्लांगांत (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) वेगाने पळणारी चपळ घोडी आणि मैल-दीड मैलाच्या शर्यतीसाठी जन्मलेला, हाडापेराने मोठा पण सावकाश वाढणारा घोडा यांना एकाच साच्यात बसवता येत नाही. थोरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या, घोड्यांचा वाढदिवस उत्तर गोलार्धात १ जानेवारीला आणि दक्षिण गोलार्धात १ ऑगस्टला धरतात. त्यामुळे हंगामाच्या शेवटी जन्मलेले शिंगरू कागदावर दोन वर्षांचे असले तरी प्रत्यक्षात बरोबरीच्यांपेक्षा तीन-चार महिन्यांनी लहान असू शकते. कोवळ्या घोड्याच्या नडगीचे हाड हळूहळू वाढवलेल्या भाराने बळकट होते आणि घाईने दिलेल्या भाराने दुखावते. अशा घोड्यासाठी ट्रेनर तपासताना त्याचे दोन वर्षांच्या घोड्यांचे विजय मोजण्याआधी एक वेगळी यादी काढावी: दोन हंगामांपूर्वी त्याच्याकडे दोन वर्षांचे असलेले घोडे आज चार वर्षांचे असताना त्यांतले किती अजून धावत आहेत? ही यादी जुन्या निकालांवरून कोणालाही करता येते, आणि ट्रेनरच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा ती जास्त सांगते.

विजयाचे आकडे कसे वाचावेत

ट्रेनरने वर्षभरात किती शर्यती जिंकल्या हा आकडा सर्वांत आधी समोर येतो आणि सर्वांत कमी उपयोगाचा असतो. त्याला त्याच्या घोड्यांच्या एकूण धावांनी भागले की विजयाचे प्रमाण मिळते. हे प्रमाणही थोड्या धावांवरून काढले तर फसवते. एखाद्या ट्रेनरचे खरे प्रमाण १० टक्के आहे असे समजा. सलग २० धावांत त्याला एकही विजय न मिळण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते, आणि त्याच २० धावांत चार किंवा अधिक विजय मिळण्याची शक्यता सुमारे १३ टक्के. म्हणजे तोच माणूस एका महिन्यात निकामी आणि दुसऱ्या महिन्यात जादूगार दिसू शकतो, आणि दोन्ही वेळा त्याच्या कामात काडीचाही फरक पडलेला नसतो. निदान दोन-तीन हंगामांच्या, शक्य तर काही शे धावा एकत्र घेतल्याशिवाय तुलना करू नये.

त्यानंतरचा प्रश्न घोड्यांच्या दर्जाचा. महागडे घोडे मिळणाऱ्या तबेल्याचे प्रमाण चांगले असणारच. हा फरक काढून टाकण्याचा एक उपाय म्हणजे बाजारभावाशी तुलना. चारास एक (एका रुपयावर चार रुपये नफ्याचा) भाव असलेल्या घोड्याची जिंकण्याची शक्यता बाजार २० टक्के धरतो. ट्रेनरच्या सर्व धावांच्या अशा शक्यता मिळवल्या की अपेक्षित विजय मिळतात, आणि प्रत्यक्ष विजयांना त्यांनी भागले की तो अपेक्षेपेक्षा वर आहे की खाली, हे कळते. बुकी आपला नफा भावात मिसळतो म्हणून बहुतेकांचा भागाकार एकाहून थोडा कमीच येतो. सातत्याने एकाच्या वर राहणारा ट्रेनर लक्ष देण्याजोगा असतो.

सिंडिकेटच्या दृष्टीने आणखी दोन आकडे मला अधिक मोलाचे वाटतात. तबेल्यातील एकूण घोड्यांपैकी किती घोड्यांनी हंगामात निदान एक शर्यत जिंकली, हा पहिला. दीडशे घोड्यांच्या तबेल्यात वरच्या वीस घोड्यांनीच सगळे विजय मिळवले असतील, तर आपल्या किमतीचा घोडा तिथे नव्वदावा असेल, आणि सकाळी त्याच्यावर कोण बसते याची चौकशी कोणी करणार नाही. दुसरा आकडा दुसऱ्या तबेल्यातून आलेल्या घोड्यांचा. हँडिकॅपरने (घोड्यांची कुवत जोखून गुण देणाऱ्या अधिकाऱ्याने) दिलेले त्यांचे रेटिंग ट्रेनर बदलताना काय होते आणि नव्या तबेल्यातून चार धावा झाल्यावर काय झाले, हे पाहावे. सिंडिकेटला धावता घोडा विकत घ्यायचा असेल, तर हीच खरी परीक्षा.

परवाना आणि शिस्तभंगाची नोंद

ट्रेनरचा परवाना चालू आहे का आणि त्याच्यावर कोणत्या कारवाया झाल्या, हे त्या देशातील शर्यत नियंत्रण संस्थेच्या प्रसिद्ध निर्णयांतून पाहता येते. एखाद्या औषधाचा अंश ठरलेल्या मुदतीनंतर सापडल्याचा एखादा दंड आणि वारंवार घडलेला प्रकार यांत फरक करावा. बहुतेक ठिकाणी घोड्याच्या नमुन्यात बंदी असलेला पदार्थ सापडला तर जबाबदारी ट्रेनरचीच धरली जाते, घोडा बाद होतो आणि बक्षिसाची रक्कम मालकांना परत करावी लागते. म्हणजे ट्रेनरच्या निष्काळजीपणाची किंमत सिंडिकेट मोजते. २०१३ मध्ये इंग्लंडमधील न्यूमार्केटचे ट्रेनर महमूद अल झरूनी यांना घोड्यांना स्टेरॉइड दिल्याबद्दल आठ वर्षे अपात्र ठरवले गेले. त्या तबेल्यामागे जगातील अतिश्रीमंत मालक उभा होता, तरी हे घडायचे थांबले नाही.

तबेल्याला भेट

भेट दोनदा द्यावी. पहिली ठरवून, दुसरी कमी पूर्वसूचनेने आणि सकाळच्या व्यायामाच्या वेळी. पहिल्या भेटीत ट्रेनर दाखवेल ते पाहावे, दुसऱ्या भेटीत तो दाखवत नाही ते.

आत शिरताच खोल श्वास घ्यावा. अमोनियाचा वास डोळ्यांत झोंबत असेल किंवा गवताची धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसत असेल, तर घोड्यांच्या फुप्फुसांत तेच जात आहे. श्वसनमार्गाचा दाह हा शर्यतीच्या घोड्यांच्या सामान्य व्याधींपैकी एक आहे आणि त्याचा मोठा भाग हवा खेळती ठेवण्यावर आणि वैरण भिजवण्यावर अवलंबून असतो. गव्हाणींत काल रात्रीचा रातीब उरला आहे का, हे पाहावे. खाणे सोडलेला घोडा काहीतरी सांगत असतो. व्यायामातल्या घोड्यांत जठराचे व्रण फार आढळतात आणि रातीब उरणे हे त्याचे एक लक्षण असते. चांगल्या तबेल्यात रोज सकाळी प्रत्येक घोड्याचे तापमान घेऊन फळ्यावर किंवा वहीत लिहिलेले असते. निरोगी घोड्याचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते, आणि व्यायामाआधी अर्ध्या अंशाची चढ पकडली तर संसर्ग घेऊन पळवलेला घोडा महिनाभर बिघडण्याचे टळते.

मग मोतद्दारांशी, म्हणजे घोड्यांची रोजची निगा राखणाऱ्यांशी, बोलावे. एकेकाकडे किती घोडे आहेत? तीन-चार असतील तर तो रोज प्रत्येक पायावरून हात फिरवू शकतो. सात-आठ असतील तर खरारा आणि साफसफाईतच दिवस जातो. कंडरेतली (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागातली) किंचित उष्णता सर्वांत आधी त्याच्याच तळव्याला जाणवते, आणि ती त्या दिवशी कळली की काही आठवड्यांच्या विश्रांतीवर निभावते. न कळता घोडा जोरात पळवला तर नऊ महिने ते वर्षभर तो तबेल्याबाहेर जातो. मोतद्दार किती वर्षे तिथे आहेत हेही विचारावे. माणसे दर हंगामाला बदलत असतील, तर घोड्याच्या सवयी लक्षात ठेवणारे तिथे कोणी नाही.

धावपट्टी, चढावरची गॅलप (घोडा भरधाव पळवण्याची वाट), पोहण्याचा तलाव, चालवण्याचे यंत्र यांची यादी ट्रेनर स्वतःच देईल. त्यावर फार वेळ घालवू नये. आपल्या घोड्याला त्यातले काय वापरणार आणि किती वेळा, एवढेच विचारावे.

ट्रेनरशी बोलणी

इथे सुरुवातीची कसोटी प्रत्यक्ष लावता येते. "गेल्या वर्षी किती मालकांना तुम्ही घोडा काढून टाकण्याचा सल्ला दिला, आणि तबेल्यात आल्यापासून किती महिन्यांनी दिला?" हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारेन. घोडा संथ असला तरी त्याचे रोजचे शुल्क चालूच राहते, म्हणून असा सल्ला देणे ट्रेनरच्या खिशाविरुद्ध असते. रिकामे ठाण भरून ठेवण्याची चिंता असलेला ट्रेनर "अजून एक धाव पाहू" असे वर्षभर म्हणू शकतो. ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर उदाहरणांसकट तयार असते, त्याने ते काम केलेले असते. त्याने ज्यांना असा सल्ला दिला, त्यांच्यापैकी एका मालकाशी बोलण्याची परवानगी मागावी. खूश मालकांचे फोन नंबर सगळेच देतात.

याचा अर्थ उतावळेपणाने घोडा टाकणारा ट्रेनर हवा असा नाही. वेल्समधील एका गावातील सभासदांनी आठवड्याला दहा पौंड भरून सांभाळलेल्या ड्रीम अलायन्सची कंडरा २००८ मध्ये गंभीर दुखावली. मूळपेशींच्या उपचारानंतर फिलिप हॉब्ज यांच्या तबेल्यातून तो परतला आणि २००९ ची वेल्श ग्रँड नॅशनल जिंकला. तिथे मालकांना दुखापतीचे स्वरूप, खर्च आणि अनिश्चितता माहीत होती आणि थांबण्याचा निर्णय त्यांनी जाणून घेतला. सिंडिकेटला हक्क आहे तो याच माहितीचा.

बातमीची पद्धत तपशिलाने ठरवावी: आठवड्याला एक निरोप, पंधरवड्याला व्यायामाचे चित्रीकरण, शर्यतीनंतर चोवीस तासांत जॉकीच्या अभिप्रायासह अहवाल, आणि पशुवैद्यकाने काही शोधले तर त्याच दिवशी फोन. निरोप ट्रेनर स्वतः लिहितो की कार्यालयातील कोणी, हे विचारून ठेवावे, कारण काही तबेल्यांतून सगळ्या मालकांना एकसारखी गोड वाक्ये येतात. सभासदांना मिळणारी माहिती बाहेर फिरणार नाही याची हमी उलट ट्रेनरलाही द्यावी लागते. ब्रिटनसारख्या ठिकाणी स्वतःचा घोडा हरेल अशी पैज मालकाने लावणे नियमबाह्य आहे, आणि सिंडिकेटचा प्रत्येक भागीदार हे जाणतोच असे नाही.

बिल आणि करार

रोजच्या शुल्काची तुलना करणे ही बहुतेकांची पहिली चूक असते. कमी दराच्या तबेल्यात नालबंद, पशुवैद्यक, औषधे, वाहतूक, धावपट्टीचे शुल्क, दातांची तपासणी हे सगळे वेगळे लावले जाते आणि जास्त दराच्या तबेल्यात त्यातले पुष्कळ आत धरलेले असते. उपाय सोपा आहे: आपल्यासारख्याच घोड्याची, मालकाचे नाव झाकलेली, सलग तीन महिन्यांची प्रत्यक्ष बिले मागावीत, आणि त्यातला एक महिना घोडा धावलेला असावा. बक्षिसातील ट्रेनरचा वाटा अनेक देशांत सुमारे १० टक्के असतो. घोडा विकला तर त्याला काय मिळणार, हे वेगळे विचारावे लागते.

करारात नोटीस कालावधी, बिल थकल्यास ट्रेनरला काय करता येईल, विमा कोणी उतरवायचा आणि वैद्यकीय नोंदी कोणाच्या मालकीच्या, ही कलमे असावीत. एक कलम हमखास विसरले जाते: ट्रेनरचा परवाना अचानक गेला तर काय? २०१५ चा मेलबर्न कप जिंकणाऱ्या प्रिन्स ऑफ पेन्झन्सचे ट्रेनर डॅरन वियर यांना २०१९ च्या फेब्रुवारीत चार वर्षांसाठी अपात्र ठरवले गेले. तेव्हा त्यांच्याकडे शेकडो घोडे होते आणि त्या सगळ्यांना दुसरे तबेले शोधावे लागले. ज्यांनी दुसरा ट्रेनर आधीच मनात धरून ठेवला असेल, त्यांचीच अशा गर्दीत सोय लागते. म्हणून अंतिम निवडीत दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या ट्रेनरशी संबंध सौजन्याने मिटवावेत, तोडू नयेत. तीन-चार घोडे असलेल्या सिंडिकेटने ते दोन ट्रेनरांकडे विभागावेत असे माझे मत आहे. एकाच्या तबेल्यात खोकल्याची साथ आली तरी सगळा हंगाम बुडत नाही, आणि दोघांचे अहवाल शेजारी ठेवले की कोण काय लपवतो तेही दिसते.

पहिले महिने आणि बदलाची वेळ

घोडा गेल्यावर पहिले तीन महिने निकालांवरून मत बनवू नये. अहवाल ठरलेल्या दिवशी येतात का, ट्रेनरने सांगितलेली योजना आणि प्रत्यक्ष घडलेले यांत फरक पडला तर कारण आपणहून सांगितले जाते का, आणि बिलात न ठरलेले काही येते का, एवढेच पाहावे. सलग दोन वेळा वाईट बातमी ट्रेनरकडून कळण्याआधी दुसरीकडून कळली, तर माझ्या मते बदलाचा विचार सुरू करण्यास ते पुरे आहे. तीन शर्यती हरणे तेवढे पुरेसे नाही.

बदल करायचा ठरला तर तो व्यवस्थापकाने आधी फोनवर आणि मग लेखी कळवावा, थकबाकी त्याच दिवशी चुकती करावी, आणि घोड्याच्या ओळखपत्रासह लसीकरणाच्या, औषधांच्या व नालांच्या नोंदी मागून घ्याव्यात. अलीकडे दिलेले एखादे औषध अजून अंगात असताना नव्या ट्रेनरने घोडा उतरवला तर दोष त्याच्यावर येतो, म्हणून औषधांच्या तारखा त्याला लेखी द्याव्यात. रातीबाचा तक्ताही बरोबर न्यावा आणि जुन्या रातीबाची दोन-तीन पोती विकत घ्यावीत. नव्या तबेल्यात पहिले आठ-दहा दिवस जुना रातीब कमी करत नवा वाढवत नेला नाही, तर प्रवासाने आधीच शिणलेल्या घोड्याला पोटशूळ उठण्याचा धोका असतो.